झपाझप चालणं आणि पळणं

नाथषष्ठीला पैठणला निघालेल्या दिंडीतला एक धोतरवाला म्हातारा मी ब्लेंडर या 3D ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये चालवला होता. चाल बरी जमली. पुढच्या शॉटमध्ये तो मागं पडतो आणि दिंडी गाठायला पळतो. मी शहाणपणा केला. चालीच्याच कीज, म्हणजे ठरावीक फ्रेमवर पक्क्या केलेल्या पोझ, जवळ ओढून 12 फ्रेमचं पाऊल 6 वर आणलं. मित्रानं बघितलं आणि म्हणाला, "पळतोय कुठं? त्याला परसाकडं लागलीय!"

खरंच तसं दिसत होतं. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर 12 फ्रेमचं पाऊल म्हणजे साधी चाल. पण 8 किंवा 6 फ्रेमचं पाऊल लगबगीच्या चालीतही बसतं आणि पळण्यातही. त्यामुळं वेगावरून काही ठरत नाही, जमिनीकडं बघावं लागतं. चालताना एक तरी पाय टेकलेला असतोच, पाऊल पडतं तेव्हा तर दोन्ही. पळताना दर पावलाला काही क्षण दोन्ही पाय हवेत. चालण्याच्या शर्यतीत पंचांची नजर यावरही असते.

एवढं बहुतेकांना माहीत असतं. घोळ होतो तो कंबरेत. चालताना पाऊल पडलं की वजन घ्यायला गुडघा जरा वाकतो, तिथं अंग सगळ्यात खाली. मग तोच पाय ताठ होतो आणि कंबर त्याच्यावरून कमानीसारखी पुढं जाते. म्हणून दुसरा पाय शेजारून जातो त्या सुमाराला, म्हणजे पासिंगच्या आसपास, अंग वर असतं. पळताना नेमकं उलटं. टेकलेला पाय स्प्रिंगसारखा दबतो, त्यामुळं पासिंगला कंबर खाली आणि हवेत असताना सगळ्यात वर. दोन्हीकडची पासिंगची पोझ चित्रात जवळपास सारखीच दिसते, म्हणून आपण फसतो. कीज कितीही ओढा, कंबरेचा उंचवटा चुकीच्याच जागी राहणार. मला कंबरेच्या वर-खाली होण्याची ती कर्व्ह, म्हणजे आलेखातली रेघ, पुसून नव्यानं काढावी लागली.

बाकीचं सोपं आहे. पळताना कोपर वाकवा, अंग पुढं झुकवा, धोतराचा सोगा दोन-तीन फ्रेम मागं ठेवा. टेकलेला पाय मात्र दोन्हीकडं घसरता कामा नये, नाहीतर म्हातारा फरशीवर सांडलेल्या तेलावरून निघाल्यासारखा दिसतो.

नंतर मी फोनवर काढलेला दिंडीचा व्हिडिओ एकेक फ्रेम सरकवत बघितला. चप्पल अडकून मागं पडलेला एक गडी पळत आला, दर पावलाला हवेत. त्याच्याच बरोबरीनं डोक्यावर तुळस घेतलेली एक मावशी आली. गुडघे किंचित वाकलेले, पावलं आखूड आणि भराभर, डोकं जागचं हलत नव्हतं. त्या पूर्ण तुकड्यात तिचे दोन्ही पाय एकदाही जमिनीवरून सुटले नाहीत.