खानदेशातील मध्ययुगीन तांब्याची नाणी : ओळख व कालनिश्चिती

तापी खोऱ्यात मिळणाऱ्या, साधारणतः चौदाव्या ते सोळाव्या शतकांतील तांब्याच्या नाण्यांचा राजा, टाकसाळ व काळ ठरविण्याचा अभ्यास. येथे फारुकी घराण्याचा अंमल मलिक राजापासून (सु. १३८२) अकबराने असिरगड घेईपर्यंत (१६०१) होता, राजधानी प्रथम थाळनेर, पुढे बुऱ्हाणपूर. एवढ्या दीर्घ राजवटीच्या मानाने निश्चितपणे तिची म्हणता येतील अशी नाणी फार थोडी आहेत.

प्रारंभीचे राजे ‘शाह’ नव्हे, ‘खान’ म्हणवीत व गुजरातच्या सुलतानांचे वर्चस्व मानीत. त्यामुळे त्यांनी स्वतःच्या नावाचा शिक्का पाडलाच नसावा, असा एक तर्क. नाणी पडली, पण ती शेजारच्या सुलतानांच्या नावावर जमा झाली, हा दुसरा. सोळाव्या शतकापुरता तरी दुसरा अधिक ग्राह्य वाटतो, कारण दोन्हीकडची राजनामे तीच आहेत. केवळ ‘बहादुर शाह’ एवढेच वाचता येणारे नाणे गुजरातच्या बहादुरशाहाचे (हिजरी ९३२–९४३) असू शकते, तसेच अखेरच्या फारुकी राजाचेही (हिजरी १००५–१००९). सनाचा केवळ एकक उरला व तो ० ते ४ असला, तर फारुकी राजा बाद होतो. ५ ते ९ असला, तर दोघेही उरतात.

ठसा मोठा व तांब्याची चकती लहान असल्याने लेखाची कड बाहेर जाते आणि कडेचा सन तुटतो. एकाच ठशाची अनेक नाणी शेजारी ठेवून, एकावरची तुटलेली अक्षरे दुसऱ्यावरून भरून घेतली, तरच पूर्ण लेख जुळतो. आकारावर विसंबणे धोक्याचे आहे. चौकोनी नाणे माळव्याचे मानतात. पण माळवा जिंकल्यावर (१५३१) गुजरातच्या बहादुरशाहानेही त्या धर्तीची नाणी पाडली.

बुऱ्हाणपूर व्यापारी मार्गावर असल्याने परमुलखातील नाणी येथे सहज येत. म्हणून सुट्या नाण्यापेक्षा एका जागी मिळालेल्या संचाला पुराव्याचे मोल अधिक. दुर्दैवाने तांब्याचे संच मोडीत जातात आणि सापडल्या गावाची नोंद राहत नाही. चिंचेने वा आम्लाने घासलेले नाणे वजनाला उणे भरते, झिजलेली अक्षरेही पुसतात. अशा नाण्याचे वजन तुलनेस घेऊ नये.

१६०१ नंतरचा मुघल दाम (तांब्याचे नाणे, सु. २०.९ ग्रॅम) जाडी व वजनावरूनच बहुधा वेगळा काढता येतो.