पुंगळी अडकते तेव्हा: एका छोट्या आकडीमागचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याजवळच्या एका रेंजवर ओळखीतल्या मुलीचं पॉइंट टू-टू (०.२२ इंची) पिस्तूल सारखं अडत होतं. गोळी सुटायची, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे जायची, पण रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, चेंबरमध्येच (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या खोबणीत) बसून राहायची. "काका, हा तिसरा एक्स्ट्रॅक्टर," ती म्हणाली. एक्स्ट्रॅक्टर म्हणजे पुंगळीची कड पकडून तिला मागे ओढणारी छोटी आकडी. डोळ्यांत पाणी होतं, कारण निवड चाचणी आठवड्यावर आली होती. मी फौजेत आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो. मॅगझीन काढायला लावलं, नळी टार्गेटकडे ठेवायला सांगितली आणि अडकलेली पुंगळी सळईने पुढून हलकेच ढकलून हातात घेतली. पुंगळीच्या बुडाच्या कडेवर आकडीचा ओरखडा स्पष्ट उमटला होता.

त्या ओरखड्यात सगळं लिहिलेलं असतं. कड खरवडलेली असेल तर आकडीने आपलं काम केलं, पण चेंबरने पुंगळी सोडली नाही. कड कोरी असेल तर आकडीची पकडच बसली नाही. आणि पुंगळी बाहेर येऊन स्लाइडमध्ये तिरकी चिमटली असेल, तर दोष बहुतेक वेळा इजेक्टरकडे (पुंगळी ज्यावर आपटून बाहेर उडते तो खुंट) किंवा स्लाइड पुरती मागे न जाण्याकडे असतो. ओढून काढणं हे एक काम, बाहेर फेकणं हे दुसरं. आपल्याकडे दोन्ही गोष्टी 'अडकली' या एकाच शब्दात जातात आणि बिचारी आकडी बदलली जाते.

हा प्रश्न तसा जुना नाही. ठासणीच्या बंदुकीत मागे काढायला काही उरतच नसे. बार उडाला की नळी मोकळी. १८५७ ला ज्या काडतुसांवरून वणवा पेटला तीही कागदाचीच. धातूची पुंगळी आली आणि तिला बाहेर काढण्याचं काम नव्याने जन्माला आलं. बार होताच पितळ फुगतं, चेंबरला घट्ट चिकटतं आणि गॅस मागे येऊ देत नाही. दाब उतरला की केसभर आकसतं आणि सुटं होतं. हे आकसणं नीट झालं तर आकडीला फारसा जोर लागत नाही.

सुरुवातीला ते नीट होत नव्हतं. ब्रिटिशांच्या मार्टिनी-हेन्री रायफलचं काडतूस पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेलं, बूड लोखंडी. १८८५ मध्ये सुदानात अबू क्लिआच्या लढाईत तापलेल्या, धुळीने भरलेल्या चेंबरमध्ये ही काडतुसं अडकू लागली. आकडी बूड उपटून आणायची आणि पत्रा आतच राहायचा. पुढे एकाच तुकड्यातून ओढून काढलेली अखंड पितळी पुंगळी सगळीकडे आली.

पण पितळेचेही लाड पुरवावे लागतात, आणि हा धडा जगाला आपल्या पावसाळ्याने दिला. पावसाळ्यात मोहिमा थंडावत, तेव्हा हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेचा दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यांत रचून ठेवला जाई. पाऊस सरल्यावर काडतुसं बाहेर काढावीत तर पुंगळ्यांना चिरा. लाकूड वाळताना तडकतं तशा दिसतात म्हणून इंग्रजीत त्याला 'सीझन क्रॅकिंग' नाव पडलं. कारण नेमकं उलगडलं १९२१ मध्ये. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळ ओढताना त्यात कोंडून राहिलेला ताण, या तिन्हींचा तो मेळ होता. उपाय म्हणजे तयार पुंगळीला बेताची आच देऊन तो ताण घालवायचा. आपल्या तांबटांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. हंडा ठोकताना ते मधूनमधून तो भट्टीत का घालतात, हे मी लहानपणी वडिलांना विचारलं होतं. "नाहीतर फुटंल की रं," एवढंच उत्तर मिळालं.

पिस्तुलात ही कहाणी वेगळं वळण घेते. जॉन ब्राउनिंगचं पॉइंट थ्री-टू काडतूस १८९९ चं. त्यावरच्या साध्या पिस्तुलांत स्लाइडला कुलूप, म्हणजे बार होताना तिला नळीशी अडकवून ठेवणारी खाच, नसतं. गॅसचा दाब पुंगळीच्या बुडावर बसतो आणि तीच स्लाइडला मागे ढकलते. म्हणजे पुंगळी स्वतःच्याच जोरावर बाहेर येते, आकडी तिला फक्त इजेक्टरवर आपटेपर्यंत धरून ठेवते. बेरेटाच्या एका छोट्या पिस्तुलात तर एक्स्ट्रॅक्टरच नाही आणि तरी ते चालतं. न उडालेली गोळी काढायला मात्र नळी वर उचलावी लागते.

मोठ्या काडतुसांसाठी कुलूपवाली स्लाइड आली आणि आकडीची जबाबदारी वाढली. १९११ च्या ब्राउनिंग पिस्तुलात ती स्प्रिंग-पोलादाची एकच लांब पट्टी असते. मॅगझीनमधून वर सरकताना काडतुसाची कड आकडीखाली अलगद शिरावी, अशी ती रचना. काडतूस हाताने चेंबरमध्ये टाकून वर स्लाइड सोडली की आकडीला कडेवर उडी मारावी लागते आणि वारंवार तसं केलं की पट्टीचा ताण मरतो. पुढे बऱ्याच पिस्तुलांत बाहेरून दिसणारी, वेगळ्या स्प्रिंगची आकडी आली. १९०२ च्या नऊ मिलिमीटर काडतुसाची पुंगळी बुडाकडे ९.९३ आणि तोंडाशी ९.६५ मिलिमीटर जाड असते. एवढासा उतार, पण किंचित मागे सरकताच ती भिंतीपासून सुटते.

आमच्या भागात परवान्याची हत्यारं बहुतेक थ्री-टूची, आणि वर्षानुवर्षं चामड्याच्या पाऊचमध्ये. चामडं कमावताना वापरलेली रसायनं आणि महाबळेश्वर-कोयनेकडची दमट हवा, यांनी काडतुसांवर हिरवा कळंक चढतो, चेंबरमध्ये गंजाचे खड्डे पडतात. फुगलेलं पितळ त्या खड्ड्यांत रुततं. अशा वेळी आकडी कितीही नवी असो, कड तुटेल पण पुंगळी यायची नाही. निवडणुकीत हत्यार जमा करताना पाऊच घरी ठेवा आणि हत्यार तेल लावून द्या, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

टू-टूची गोष्ट आणखी साधी. त्या काडतुसात शिशाच्या गोळीवर बाहेरूनच मेण किंवा ग्रीस लावलेलं असतं. बारागणिक ते आणि शिसं चेंबरच्या तोंडाशी साठतं. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणलं, तेव्हापासून आमच्याकडच्या मुली या पिस्तुलाकडे ओढीने येतात. नळी त्या रोज चिंदीने पुसतात, चेंबर मात्र राहून जातं. या मुलीच्या चेंबरमध्ये टॉर्च मारला तर तोंडाशी काळं-करडं कडं स्पष्ट दिसत होतं. पितळी ब्रश आणि सॉल्व्हंट घेऊन तिनेच ते अर्ध्या तासात काढलं, चिंदी पांढरी येईपर्यंत. मग तिसऱ्या एक्स्ट्रॅक्टरऐवजी तिने डब्यातला पहिलाच पुन्हा बसवला. पाच गोळ्यांच्या पाचही पुंगळ्या उजव्या हाताला चटईवर पडल्या, आणि तिने त्या वेचून कडा एकेक करून उजेडात धरल्या.