पाच एकरांचा आराखडा आणि वेगाचा सहावा घात

मावळात पाच एकर जमीन घेतलेल्या एका मित्राने परवा त्याच्या फार्महाऊसचा आराखडा दाखवला. फाटकापासून वर बंगल्यापर्यंत सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना पाम, समोर मोठं लॉन, ईशान्य कोपऱ्यात शेततळं. रंगीत कागद देखणा होता, पण त्यावर एकही समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, नव्हती. "उताराचं काय? जेसीबी लावून आधी सगळं सपाट करून घेतो," तो म्हणाला. त्या वाक्यामुळेच हा लेख लिहायला बसलो.

इंचभर माती तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षं लागतात. जेसीबी ती एका दुपारीत मुरमाखाली गाडतो. मग त्या मुरमावर विकतची लाल माती टाकून लॉन लावायचं आणि दरवर्षी खतावर खर्च करत बसायचं. पण मातीचं नुकसान ही अर्धीच गोष्ट झाली. खरी गंमत पाण्याच्या वेगात आहे.

आधी एक सोपा हिशोब. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. एकरात सुमारे 4,047 चौरस मीटर असतात. मावळात 100 मिलिमीटरचा दिवस काही नवलाचा नाही. तेवढ्या पावसात पाच एकरांवर पडतं सुमारे 20 लाख लिटर पाणी, म्हणजे 10,000 लिटरचे 200 टँकर. एवढं पाणी तुमच्या जमिनीवरून चालत जाणार. ते कोणत्या चालीने जाणार, ते तुम्ही ठरवायचं.

आता ओढ्यातला एक दगड डोळ्यांसमोर आणा. पाण्याचा त्याच्यावरचा रेटा दोन गोष्टींवर ठरतो: पाण्यासमोर येणारं दगडाचं क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग. दगडाची बाजू 'ब' आणि वेग 'व' धरला, तर रेटा ब² × व² या प्रमाणात वाढतो. दगडाला जागेवर धरून ठेवतं त्याचं वजन, आणि ते ब³ च्या प्रमाणात वाढतं. दगड जेमतेम हलतो त्या क्षणी दोन्ही बरोबरीत येतात. दोन्हीकडून ब² काढून टाका, उरतं काय? ब हा व² च्या प्रमाणात. आणि वजन ब³ च्या प्रमाणात असल्यामुळे ते थेट व⁶ च्या प्रमाणात! वेगाचा सहावा घात. 19व्या शतकात केंब्रिजचे गणिती विल्यम हॉपकिन्स यांनी हा नियम मांडला.

म्हणजे पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते 64 पट वजनाचा दगड ढकलू शकतं. काल 10 ग्रॅमचा खडा हलवणारं पाणी आज 640 ग्रॅमचा धोंडा लोटतं. पाण्याची खोली तेवढीच राहिली, तर वेग उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून चौपट उताराला वेग दुप्पट. शिवाय उतार जितका लांब, तितकं खाली येताना पाणी गोळा होत जातं, खोली वाढते आणि वेगही. बारीक चिकणमातीचं गणित वेगळं आहे. तिचे कण एकमेकांना धरून असल्यामुळे सहज सुटत नाहीत, पण एकदा सुटले की दिवस दिवस तळाला बसत नाहीत. पहिल्या पावसात ओढा चहासारखा दिसतो तो या कणांमुळेच. झाडांचं अन्न धरून ठेवणारे कण हेच.

आता मित्राचा सरळ रस्ता पाहा. उताराची पूर्ण लांबी, मध्ये अडवणारं काही नाही, वर गाडीच्या चाकांच्या दोन चाकोऱ्या. दोन पावसाळ्यांत त्याची घळ होणार.

उपाय स्वस्त आहे. सात-सात फुटांचे दोन बांबू वर एकत्र बांधा, मध्ये आडवी काठी बांधून इंग्रजी 'ए' अक्षर करा, आणि शेंड्यावरून दोरीला दगड लटकवा. दोन पाय टेकवून दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्यावर दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत. असं पाऊल पाऊल पुढे सरकत मागे फक्की मारत गेलं की जमिनीवर समोच्च रेषा उमटते. ती सरळ नसते, जमिनीच्या अंगाने वळते. पहिल्यांदा पाहणारा चकित होतो.

या रेषेवर दोन फूट रुंद, एक फूट खोल चर काढला तर 100 मीटरमध्ये एका वेळी सुमारे 18,000 लिटर पाणी थांबतं. पण चराचं मोठं काम साठवण नाही. इथे पाण्याचा वेग शून्यावर येतो, आणि खालच्या टप्प्यात त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. चराच्या खालच्या काठावर वाळा लावा, त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात. मात्र काळ्या भारी जमिनीत, किंवा घराच्या वरच्या तीव्र चढावर चर काढू नका. तिथे पाणी मुरवण्यापेक्षा सुरक्षित वाट काढून देणं महत्त्वाचं.

1972च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत चळवळीचे प्रणेते विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला उघड्या, उताराच्या माळावर पाणी अडवायला सुरुवात केली, तीही अशीच माथ्याकडून पायथ्याकडे.

राहिलं ईशान्येचं शेततळं. ते वास्तुशास्त्रानुसार ठरलं होतं. मित्राच्या जमिनीचा उतार नैऋत्येकडे आहे, म्हणजे ईशान्य हा सर्वांत उंच कोपरा. तिथे तळ्यात पाणी यायचं तर पंपानेच. दिशा पाहून पाणी वाहत नाही, ते उतार पाहतं. लाखो रुपये खड्ड्यात घालायला लावणाऱ्या अशा सल्ल्यांचा मला मनापासून राग येतो.

गेल्या रविवारी आम्ही दोघांनी बांबू घेऊन चार रेषा आखल्या. रस्ता आता दोन वळणं घेत चढणार आहे, लॉन चौथाई राहिलं आहे, तळं नैऋत्येला उतरलं आहे. बंगल्याच्या जागेवर सध्या फक्त खुंट्या ठोकल्या आहेत. पाणी तिथून जातं का, हे एक पावसाळा पाहून मगच पाया खणायचा.