‘सेट’ या शब्दात काय काय बसते?

ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीतील सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या चिमुकल्या शब्दाची आहे. तिच्यात त्याच्या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ दिले असून नोंदीची लांबी जवळजवळ ६०,००० शब्द भरते. सूर्य मावळतो, सिमेंट घट्ट होते, घड्याळाचा गजर लावला जातो, प्रश्नपत्रिका काढली जाते; इंग्रजीत या साऱ्यांना हा एकच शब्द पुरतो. एवढे अर्थ वाहूनही तो ऐकणाऱ्याला सहसा गोंधळात टाकत नाही, हे मला भाषेतील एक मोठे आश्चर्य वाटते.

मुळात ‘सेट’ हे ‘सिट’चे प्रयोजक रूप आहे, म्हणजे आपल्या ‘बसणे’वरून झालेले ‘बसवणे’च. बडोद्यात घडियाळी पोळेतला सोनार अंगठीत खडा बसवतो आणि हाडवैद्य निखळलेले हाड बसवतो. या दोन्ही ठिकाणी इंग्रज माणूस ‘सेट’च म्हणेल. पुढे वाटा फुटतात. आपण गणपती बसवतो, नाटक बसवतो, तिथे इंग्रजी सोबत येत नाही. मात्र पाऊस सुरू झाला की शेजारचे गुजराती कुटुंब ‘चोमासुं बेठुं’, म्हणजे ‘पावसाळा बसला’, म्हणते आणि इंग्रजीतही मोसमी पाऊस ‘सेट इन’ होतो. हे साम्य वारशाने आलेले नाही, कारण ‘सिट’चे नाते संस्कृत ‘सद्’ धातूशी आहे, तर ‘बसणे’ आणि ‘बेसवुं’ ही ‘उपविश्’पासून आलेली आहेत. एखादी वस्तू जागेवर नीट टेकवून स्थिर करण्याचा अनुभव सर्व माणसांना सारखाच असल्यामुळे निरनिराळ्या भाषांनी त्याच एका क्रियेवरून अर्थ वाढवत नेले, असे म्हणणे मला अधिक पटते.

कपबशांचा ‘सेट’ मात्र प्रामुख्याने दुसऱ्या घराण्यातला आहे. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ ‘अनुयायांचा गट’ असा अर्थ असलेल्या लॅटिन ‘सेक्टा’ या शब्दात आहे.

ऐकणारा यातून नेमका अर्थ कसा निवडतो? मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी १९७९ साली ‘बग’ या शब्दावर एक सुंदर प्रयोग केला. या शब्दाचे ‘किडा’ आणि ‘चोरून ऐकण्याचे यंत्र’ असे दोन अर्थ होतात. कोळी, झुरळे यांचा उल्लेख असलेले वाक्य श्रोत्यांना ऐकवले आणि ‘बग’ कानावर पडताक्षणी पडद्यावर एक शब्द दाखवला. तेव्हा ‘मुंगी’ आणि ‘हेर’ या अर्थांचे दोन्ही इंग्रजी शब्द त्यांनी नेहमीपेक्षा लवकर ओळखले. ‘बग’नंतर आणखी तीन अक्षरे ऐकवून झाल्यावर मात्र फक्त ‘मुंगी’च जिंकली. म्हणजे मेंदू क्षणभर दोन्ही अर्थ जागे करतो आणि संदर्भाला न जुळणारा अर्थ सेकंदभराच्या आत सोडून देतो.

जेनिफर रॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली यात महत्त्वाची भर घातली. एकमेकांशी नाते नसलेले अर्थ शब्द ओळखण्याचा वेग कमी करतात, तर एकाच मुळातून फुटलेल्या छटा तो वाढवतात, असे त्यांना आढळले. खडा बसवणे आणि हाड बसवणे या दुसऱ्या प्रकारातल्या छटा होत.

शब्द जितका अधिक वापरात, तितके त्याचे अर्थ अधिक, हा नियम भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिफ यांनी १९४५ साली मांडला होता. त्याच शब्दकोशाच्या सुधारणेचे काम चालू असताना २०११ साली ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले आणि पहिला क्रमांक ‘रन’कडे गेला.