टिकेटचे मेल किती यावेत ते आता तुम्ही ठरवा

फोंड्यातल्या आमच्या एका मेडिकल स्टोअरवाल्यांनी आमच्या सॉफ्टवेअरच्या बिलिंगमधला एक बग, म्हणजे चूक, आमच्या ट्रॅकरवर (तक्रारी नोंदवायच्या साइटवर) टाकला होता, परत आलेल्या मालाचा जीएसटी दोनदा वजा होत होता. आम्ही दुसऱ्याच दिवशी टिकेटवर, म्हणजे त्या तक्रारीच्या नोंदीवर, विचारलं की हे सगळ्याच बॅचना होतंय की फक्त एक्स्पायरीत परत गेलेल्यांना, आणि उत्तराची वाट बघत थांबलो. नऊ दिवसांनी त्यांचाच फोन आला, चांगलेच चिडलेले, की जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, भरायची ११ तारीख उद्यावर आली आणि तुम्ही अजून हात पण लावला नाही. मग बघितलं तर आमच्या ट्रॅकरकडनं त्यांना रोज इतके मेल जात होते की काउंटरवरच्या मुलाने कंटाळून फिल्टर लावला आणि सगळे थेट ट्रॅशमधे पाठवले, त्यात आमचा प्रश्नही गेला. त्या मुलाला दोष देता येत नाही, कारण सगळ्यांना सगळं पाठवायचं हे सेटिंग आम्हीच ठेवलं होतं.

ते आम्ही आता बदललंय, आणि तुमचे मेल तुम्ही स्वतः कसे कमीजास्त करायचे ते या पत्रकात लिहिलंय. पाच मिनिटांचं काम आहे पण एकदा बसून करा.

आधी एवढे मेल येतात कशामुळे ते सांगतो. तुम्ही बग टाकला की एक मेल, आम्ही तो कोणाकडे तरी सोपवला की दुसरा, कोणी प्रश्न विचारला, तुम्ही स्क्रीनशॉट जोडला, स्टेटस बदललं, टेस्ट झालं, बंद झालं, म्हणजे साध्या टिकेटचे पण आठ-दहा मेल सहज होतात आणि तुमच्या दुकानात चार जणांची अकाउंट असतील तर प्रत्येकाला आठ-दहा. आपला ट्रॅकर रेडमाइन नावाच्या तयार सॉफ्टवेअरवर चालतो, आणि त्यात प्रत्येक माणसाला आपल्यापुरतं ठरवायची सोय आहेच, फक्त ती कोणी उघडून बघत नाही आणि आम्हीही कधी बसून दाखवली नव्हती. असा विचार तसा जुनाच आहे, मोझिलाचं बगझिला, तेही असंच बग नोंदवायचं सॉफ्टवेअर, १९९८ साली सगळ्यांसाठी खुलं झालं, त्यातही मेलच्या सेटिंगचं एक कोष्टकच मिळतं, एका बाजूला तुमचा त्या बगशी संबंध काय, म्हणजे तुम्ही तो टाकलाय की तो तुमच्याकडे सोपवलाय की नुसते सीसीमधे आहात, आणि दुसऱ्या बाजूला झालं काय, कॉमेंट आली की स्टेटस बदललं. आम्हाला हे फार पटतं. मेल हवा की नको हे टिकेट मोठं की लहान यावर ठरत नाही, तुमचं त्या टिकेटशी काय देणंघेणं आहे यावर ठरतं.

तर लॉगिन करा, वर उजव्या कोपऱ्यात माय अकाउंट दिसेल, तिथे ईमेल नोटिफिकेशन्सचा भाग आहे, त्यात एक यादी उघडते. पहिला पर्याय सगळ्या प्रोजेक्टमधलं सगळं, तो तुमच्यापैकी जवळजवळ कोणालाच नको. मधे एक पर्याय आहे ज्यात वॉच आणि इन्व्हॉल्व्ड असे शब्द दिसतील, म्हणजे तुम्ही टाकलेलं टिकेट, तुमच्याकडे सोपवलेलं टिकेट आणि ज्यावर तुम्ही तारा लावलाय ते, एवढ्याचेच मेल. आम्ही आता सगळ्यांना हाच लावून दिलाय आणि बहुतेकांनी तोच ठेवावा असं आमचं मत आहे. सगळ्यात शेवटी नो इव्हेंट्स आहे. कृपा करून तो घेऊ नका, कारण तो घेतला की तुम्ही स्वतः तारा लावलेल्या टिकेटचाही मेल येत नाही आणि फोंड्याला झालं तेच परत होतं.

तारा म्हणजे टिकेट उघडल्यावर वर वॉच लिहिलेलं असतं ना, त्यावर क्लिक केलं की तारा भरतो आणि त्या टिकेटचं सगळं तुम्हाला येतं, परत क्लिक केलं की थांबतं. दुसऱ्याने टाकलेला बग तुम्हालाही छळतोय तर नवीन टिकेट टाकत बसू नका, त्यावर तारा लावा.

त्याच पानावर खाली एक चौकोन आहे, मी स्वतः केलेल्या बदलाचा मेल मला नको अशा अर्थाचा, तो टिक करा. तुम्हीच लिहिलेली कॉमेंट तुम्हालाच मेलने परत येते, ते बंद होतं.

आता हॉटेल आणि गेस्ट हाउसवाल्यांसाठी जरा जास्त लिहितो, कारण सीझन सुरू झाला की सगळ्यात जास्त त्रास तुम्हालाच होतो. परदेशी पाहुणा आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन फॉर्म भरून द्यावी लागते, आधी ज्याला सी-फॉर्म म्हणायचे तो, आणि त्याची माहिती आपल्या सॉफ्टवेअरमधनं बाहेर निघाली नाही तर रात्री दोन वाजता रिसेप्शनवर बसलेल्या माणसाला ते तेव्हाच कळायला हवं, सकाळी मॅनेजर आल्यावर कळून काय उपयोग. यासाठी माय अकाउंटमधेच आणखी एक टिक आहे, हाय किंवा त्याच्या वरच्या प्रायॉरिटीच्या टिकेटचा मेल मला पाठवा, मग तो बग मी टाकलेला नसला तरी चालेल. नाइट शिफ्टवाल्यांनी हा टिक जरूर करा. पण मग एक गोष्ट पाळायला लागेल, प्रायॉरिटी हाय फक्त काम अडलं असेल तेव्हाच टाकायची. बिलावरचा लोगो थोडा डावीकडे सरकलाय हे हाय नव्हे. सगळंच हाय टाकलं तर तो टिक करून काहीच मिळत नाही.

दुसरं, बऱ्याच ठिकाणी अख्ख्या हॉटेलचं एकच अकाउंट असतं, एकच मेल आयडी, पासवर्ड रिसेप्शनच्या टेबलावर चिकटवलेला. कळकळीने सांगतो, असं ठेवू नका. नोटिफिकेशनचं सेटिंग अकाउंटला लागतं, माणसाला नाही, त्यामुळे अकाउंटंटने त्याला नकोत म्हणून मेल बंद केले तर हाउसकीपिंगच्या सुपरवायझरचेही बंद होतात आणि तिला पत्ताच नसतो. जास्तीच्या अकाउंटचे आम्ही पैसे घेत नाही, नावं पाठवा, आम्ही उघडून देतो. आणि जो माणूस सीझन संपल्यावर सोडून जातो त्याचं नावही लगेच कळवा, नाहीतर तो गावाला जाऊन दुसरीकडे कामाला लागला तरी तुमच्या हॉटेलच्या टिकेटचे मेल त्याच्या पर्सनल जीमेलवर जात राहतात. त्यात काय काय लिहिलेलं असतं विचार करा. टिकेटला जोडलेल्या फाइलची मेलमधे फक्त लिंक जाते, ती उघडायला लॉगिन लागतं, पण कॉमेंटमधे जे टाइप कराल ते जसंच्या तसं मेलमधे जातं. म्हणून पाहुण्याचा पासपोर्ट नंबर, फोन, कार्डाचे आकडे कॉमेंटमधे कधीच लिहायचे नाहीत. पासपोर्टचा नंबर दाखवल्याशिवाय बग समजणारच नसेल तर स्क्रीनशॉट जोडा, आणि कार्डाचे आकडे तर तिथेही झाका.

आमच्या बाजूनेही तीन बदल केलेत. एक, मेलच्या सब्जेक्टमधनं स्टेटस काढलं. आधी न्यू, इन प्रोग्रेस, रिझॉल्व्ह्ड असं सब्जेक्टमधे बदलत राहायचं आणि सब्जेक्ट बदलला की जीमेल त्याला नवीन संभाषण समजतं, त्यामुळे एका टिकेटचे मेल इनबॉक्समधे चार ठिकाणी विखुरलेले दिसायचे. आता एक टिकेट एकाच धाग्यात राहील. दोन, मेलच्या खाली एक ओळ टाकली की हा मेल तुम्हाला का आलाय, टिकेट तुम्ही टाकलंय म्हणून की तारा लावलाय म्हणून, म्हणजे नको असेल तर नेमकं काय बंद करायचं ते कळतं. तीन, ज्यांना रोजचे मेल अजिबातच नको आहेत, बहुतेक मालक लोक, त्यांच्यासाठी सोमवारी सकाळी एकच मेल, त्यात तुमची उघडी टिकेटं आणि त्यातली कुठली तुमच्या उत्तरासाठी अडलीत ते सगळ्यात वर. तो हवा असेल तर आम्हाला कळवा, ते अजून तुम्हाला स्वतः लावता येत नाही, आमच्याकडनं लावायला लागतं.

आणि एक विनंती आहे. मेलचा वैताग आला तरी तो स्पॅममधे टाकू नका. गूगलने मेल पाठवणाऱ्यांना सांगितलंय की स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा, आणि आमच्यासारख्या थोडेच मेल पाठवणाऱ्याच्या बाबतीत चार जणांनी ते बटण दाबलं तरी टक्केवारी कुठल्या कुठे जाते, मग मडगावच्या दुसऱ्याच कोणाचा तरी अर्जंट मेल त्याच्या स्पॅममधे जाऊन पडू शकतो. इनबॉक्स मोकळा हवा असेल तर जीमेलमधे फिल्टर करून आमच्या मेलला वेगळं लेबल लावा आणि इनबॉक्स वगळा, म्हणजे मेल ट्रॅशमधे न जाता एका बाजूला थांबेल. दिवसातनं एकदा ते लेबल उघडायचं, एवढं मात्र करा.

व्हॉट्सॲप ग्रुप चालूच राहील, तो म्यूट केलात तरी आमची हरकत नाही, आठ तास करा नाहीतर कायमचा करा. ग्रुपवर सांगितलेला बग चार दिवसांनी चवथीच्या शुभेच्छांच्या खाली गाडला जातो आणि आम्हाला परत सापडत नाही, म्हणून बग ट्रॅकरवरच टाका. मोबाइलवरनं लॉगिन करायला जमत नसेल तर आलेल्या मेललाच रिप्लाय करा, तो त्या टिकेटवर कॉमेंट म्हणून आपोआप जमा होतो, फक्त तुमचं म्हणणं सगळ्यात वर लिहा आणि तुमच्या ट्रॅकरमधे नोंदवलेल्या आयडीवरनंच पाठवा, दुसऱ्या आयडीवरनं आलेला रिप्लाय सिस्टम घेत नाही.

हे सगळं वाचून सुद्धा अडलं तर म्हापशाच्या ऑफिसात या, सोमवार ते शनिवार, साडेनऊ ते सहा. फोन किंवा लॅपटॉप घेऊन या म्हणजे तुमच्याच अकाउंटवर बसून लावून देतो. शुक्रवारी शक्यतो दुपारी चारनंतर या, बाजारामुळे त्याआधी गाडी लावायला जागा मिळत नाही.