होयाच्या बोडक्या देठाला कात्री लावू नका

होया ही कुंडीत लावायची, मेणासारख्या फुलांची वेल. तिच्या फुलांचा गुच्छ गळाला की वेलीवर बोटाच्या पेराएवढा बोडका देठ उरतो. वाळकं दिसतंय म्हणून हात कात्रीकडे जातोच. पण होया कार्नोसा ही जात पुढच्या कळ्या बहुधा याच देठाच्या टोकाला धरते. जवळून पाहा, टोकाशी बारीक खुणांची दाटी दिसेल. त्या गळलेल्या फुलांच्या जागा. देठ छाटला की वेलीला नवा घडवावा लागतो आणि बहर लांबतो. पानं नसलेले लांबलचक शेंडेही असेच ठेवावेत, पानं मागाहून येतात.

वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊनने १८१० साली थॉमस हॉय या इंग्लंडमधल्या माळ्याच्या नावावरून ‘होया’ हे नाव दिलं. कूळ मात्र आपल्या रुईचं, म्हणून पान तुटलं की पांढरा चीक येतो.

रानात ही वेल बहुतेक झाडांच्या सालीवर वाढते, त्यामुळे मुळांना ओलाव्याइतकीच हवा लागते. बागेतली काळी माती भरलीत तर मुळं गुदमरून कुजतात. नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन भाग, कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) एक भाग, परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) एक भाग आणि मूठभर लोणारी कोळसा एवढं पुरतं. छोट्या रोपाला चार-पाच इंचांची कुंडी बस्स. मोठ्या कुंडीतलं मिश्रण लवकर वाळत नाही, आणि घात तिथेच होतो.

पाण्यासाठी वार ठरवू नका. एक जुनं पान हलकेच दुमडून बघा. ताठ असेल तर थांबा, मऊ पडून वाकलं तर भरपूर पाणी घाला. मात्र मिश्रण ओलं असूनही पान लुळं असेल तर मुळं कुजली आहेत. तेव्हा पाणी घालणं म्हणजे रोप मारणंच. होया कार्नोसा कार्बन डायऑक्साइड मुख्यतः रात्री घेते आणि दिवसा पर्णरंध्रं बरीचशी मिटून ठेवते, म्हणून तिला पाणी कमी लागतं. पावसाळ्यात तर हात आणखी आखडता घ्यावा.

फुलं न येण्याचं नेहमीचं कारण अंधार. पूर्वेच्या खिडकीतलं दोन तासांचं कोवळं ऊन हवं. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलली किंवा मिश्रण पार कोरडं पडलं, तर कळ्या पिवळ्या पडून गळतात.

नवं रोप करायचं तर दोन पेरांची छाट घ्या, चीक सुकू द्या आणि खालचं पेर ओलसर कोकोपीटमध्ये पुरा. साधारण महिनाभरात मुळं धरतात. हृदयाच्या आकाराचं एकच पान कुंडीत खोचून विकतात, ते होया केरी या दुसऱ्या जातीचं. पानासोबत पेर नसेल तर त्याला मुळं फुटतात, पान वर्षानुवर्षं हिरवं राहतं, पण वेल काही होत नाही. प्रेमाची भेट म्हणून ठीक.

पेरांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक टिपून काढा आणि आठवड्याने पुन्हा तपासा. पण भरल्या बहरात फुलांवर चिकट थेंब दिसले तर घाबरू नका, तो मध आहे. तो खाली ठिबकतो, म्हणून टांगत्या कुंडीखाली सोफा किंवा पुस्तकं नकोत.