ज्येष्ठ वाहनचालक : क्षमता आणि सुरक्षितता (गोवा)

उतारवयात गाडी चालवण्याची क्षमता ठरते ती दृष्टी, प्रतिसादाचा वेग, मानेची लवचिकता, चालू औषधे आणि रस्ता यांवर. नुसत्या वयावरून निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. गोव्यात अनेक घरांत मुले परगावी किंवा परदेशी असतात, तिन्हीसांजेनंतर आडगावात बस मिळत नाही. बाजार आणि दवाखाना गाठायला स्वतःची स्कूटर किंवा मोटार हाच आधार असतो.

साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या मानाने साधारण एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, कारण बाहुली आक्रसते आणि भिंग पिवळसर होते. दिवसा हे जाणवत नाही. रात्री पावसात मात्र रस्त्याची कड दिसेनाशी होते. मोतीबिंदूत समोरच्या दिव्यांभोवती वलये दिसतात. काचबिंदू अधिक फसवा. कडेची नजर हळूहळू जाते, मेंदू ती उणीव झाकून टाकतो, आणि दुचाकी ‘एकदम कुठून तरी आली’ असे चालक प्रामाणिकपणे सांगतो. फोंड्याहून पणजीकडे येताना मावळता सूर्य थेट डोळ्यांत येतो; ज्यांना चकाकी सोसत नाही त्यांनी ही वेळ टाळावी. रात्री रंगीत काचांचा चष्मा वापरू नये, आधीच अपुरा असलेला प्रकाश तो आणखी कापतो.

सर्वांत धोक्याचे ते उजवे वळण. राष्ट्रीय महामार्ग 66 सारख्या रस्त्यावर ताशी 60 किमी वेगाने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर कापते. निर्णयाला अर्धा सेकंद जास्त लागला, तर ती आठ मीटर अधिक जवळ आलेली असते. त्यातून येणारी मोटारसायकल असेल, तर तिच्या एकट्या दिव्यावरून वेगाचा अंदाज बांधणे कठीण. दुभाजकाच्या फटीतून वळण्यापेक्षा पुढे जाऊन सिग्नलवर वळावे. मान पुरती वळत नसल्यास बाहेरचे आरसे नीट लावून घ्यावेत. तरीही आंधळा कोपरा उरतोच.

औषधांकडे सर्रास दुर्लक्ष होते. सर्दीच्या काही गोळ्या, झोपेसाठीची अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम यांचा अंमल दुसऱ्या सकाळपर्यंत राहू शकतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी) घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी साखर तपासावी. 90 मिग्रॅच्या खाली असल्यास आधी खाऊन घ्यावे आणि गाडीत ग्लुकोज ठेवावे.

स्कूटरचे वजन 100 किलोंच्या आसपास असते. बरेच ज्येष्ठ पडतात ते गाडी जवळजवळ थांबलेली असताना : घरासमोरच्या चढावर, शेवाळलेल्या चिऱ्यांवर, पाय टेकवताना. हाडे ठिसूळ झालेली असल्याने एवढ्यानेही खुबा मोडतो. मोटारीत पट्ट्याचा खालचा भाग पोटावर न घेता कमरेच्या हाडावर घ्यावा, आणि छाती व स्टीअरिंग यांत किमान 25 सेंमी अंतर असावे.

वयाच्या 55 वर्षांनंतर खासगी वाहनाच्या परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते, आणि चाळिशीनंतर डॉक्टरचे प्रमाणपत्र (नमुना 1-अ) लागते. पाच वर्षांत डोळे बरेच बदलतात. म्हणून डोळ्यांचा दाब व दृष्टिक्षेत्र दरवर्षी तपासून घेणे इष्ट.

बंपरवर किंवा फाटकाच्या खांबावर नवे ओरखडे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाणे या खुणा घरच्यांनी गांभीर्याने घ्याव्यात. शेवटच्या दोन दिसल्या तर डॉक्टरांनी तपासेपर्यंत गाडी थांबवावी. पण चावी कायमची काढून घेण्याआधी डोळे, साखर आणि औषधे पाहावीत : मोतीबिंदू काढल्यावर अनेकांना रात्रीचा रस्ता पुन्हा स्पष्ट दिसतो.